दार अडविणारी बहीण

गेल्या वैशाखात आमच्या शेजारी लग्न होते. वरात दारात आली. उंबरठ्यावर तांदळाचे माप ठेवलेले होते. नवरी माप ओलांडणार, इतक्यात नवऱ्या मुलाच्या बहिणीने दोन्ही हात पसरून दार अडविले. "वाट सोड," भाऊ म्हणाला. "काय देशील?" बहिणीने विचारले. भावाने खिशातले पाकीट काढले, तर ती म्हणाली, "पाकीट नको, नवा मोबाईल हवा." मंडळी खो खो हसली. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "अगं, मोबाईल काय मागतेस? लेक माग त्याची, लेक!" पुन्हा एकदा हशा पिकला, आणि त्या हशात म्हातारीचे बोलणे विरून गेले.

वाचकहो, मला मात्र त्या वेळी हसू आले नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या भागात दार अडविणारी बहीण खरोखरच लेक मागत असे. "तुला मुलगी झाली तर माझ्या मुलाला देशील का?" भाऊ हसून "दिली" म्हणे, आणि मगच नव्या जोडप्याचा गृहप्रवेश होई. आज तो नुसता खेळ उरला आहे. पण जुने खेळ हे पुष्कळदा जुने करारनामे असतात. या कराराशी माझा स्वतःचा काय संबंध आला, ते शेवटी सांगेन. आधी करार काय होता, ते पाहू.

मी शाळेत शिकविते, वेळ मिळेल तशा कादंबऱ्या लिहिते. कॉलेजची पायरी मी चढलेली नाही. त्यामुळे मानववंशशास्त्र हा शब्द मला फार उशिरा भेटला, आणि भेटला तोही वर्गात. आमचे गाव महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरचे. एकदा मी मुलांना आपापल्या घराची वंशावळ काढून आणायला सांगितली होती. पहिल्या बाकावर तीन मुली बसत. एक आमच्या गावची मराठी, दुसरी कानडी घरातली, आणि तिसरीचे वडील फरशी बसविण्याच्या कामासाठी उत्तर प्रदेशातून इकडे आलेले. मराठी मुलीच्या वंशावळीत तिच्या वडिलांनी आपल्या सख्ख्या मामाची मुलगी केलेली होती. ते पाहून उत्तरेकडची मुलगी दचकलीच. "बाई, ममेरी बहन तर बहीण असते! तिच्याशी लग्न?" तिच्या चेहऱ्यावर चक्क भीती होती. कानडी मुलगी शांतपणे म्हणाली, "त्यात काय? माझ्या आजीचं लग्न तर तिच्या सोदरमावाशीच झालं." म्हणजे सख्ख्या मामाशी! आता दचकण्याची पाळी मराठी मुलीची होती.

एका बाकाच्या चार हात लांबीत तीन देश बसले होते. एकीचा रिवाज तो दुसरीचे पाप, आणि दुसरीचा धर्म तो तिसरीला नवल. तिघीही आपापल्या जागी अगदी प्रामाणिक होत्या. त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. तासाची घंटा झाली आणि मी सुटले, पण प्रश्न सुटला नाही.

त्याचे उत्तर शोधताना इरावतीबाई कर्वे यांचा ग्रंथ हाती आला. इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवू लागल्या. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. शब्दकोश उशाशी घेऊन मी तो वाचला. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्या ओळखीच्या असतात. पण गावोगाव हिंडून "तुम्ही याला काय म्हणता, तिला काय म्हणता" असे विचारीत नात्यांचे शब्द गोळा करणाऱ्या इरावतीबाई पुष्कळांना ठाऊक नसतात. त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार नातेविभाग पाडले. उत्तरेत मुलगी द्यायची ती परक्या गावी, परक्या घरी. तिथे रक्ताचे नाते शक्य तितके दूर हवे. दक्षिणेत उलट, मुलगी द्यायची ती शक्यतो नात्यातच. सासरी गेलेल्या मुलीला सासू म्हणून आत्या किंवा आजी भेटते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. आपल्याकडील बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी करीत नाहीत. "दिलेली वेल माघारी आणू नये," असे आमच्याकडच्या बायका म्हणतात.

पण केवळ चालीरीतींची यादी वाचून मला एवढा आनंद झाला नसता. आनंद झाला तो आपल्याच बोलण्यातला पुरावा सापडला म्हणून. नीट आठवून पाहा. आत्याच्या यजमानांना आपण काय म्हणतो? देशावरच्या कित्येक घरांत त्यांना 'मामा' म्हणतात. मावशीच्या यजमानांना? 'काका'. का बरे? ते काही आईचे भाऊ नव्हेत, की वडिलांचे भाऊ नव्हेत. हिंदीत पाहा, तिथे फूफा वेगळा, मौसा वेगळा, प्रत्येकाला आपापला शब्द. आणि सासरी गेलेली सून सासऱ्याला काय म्हणत असे? 'मामंजी'. सासूला पुष्कळ ठिकाणी 'आत्याबाई'. ज्या कोकणस्थ घरांत मामाची मुलगी करीत नसत, त्या घरांतल्या सुनासुद्धा मामंजींना भिऊन असत! कानडीत मामा आणि सासरा या दोघांनाही 'माव' म्हणतात, आत्या आणि सासू या दोघींनाही 'अत्ते'. तमिळ, तेलुगूमध्येही हीच तऱ्हा. म्हणजे आपण लिहितो-बोलतो ती भाषा उत्तरेच्या कुळातली, पण सासरच्या उंबऱ्यात उभे राहून जी हाक मारतो ती दक्षिणेच्या वळणाची. चाल मोडते, पण हाक मागे उरते. इतिहासाची साधने म्हणजे केवळ ताम्रपट आणि बखरी नव्हेत. 'मामंजी' हाही एक शिलालेखच आहे.

नात्याच्या हाकांत इतिहास दडलेला असतो, हे प्रथम पद्धतशीरपणे मांडले ते अमेरिकेतल्या एका वकिलाने. लुईस हेन्री मॉर्गन हे त्याचे नाव, राहणार न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर. शेजारच्या इरोक्वॉय आदिवासींत मिसळताना त्याच्या लक्षात आले, की ही माणसे मावशीलाही आई म्हणतात आणि चुलत्यालाही वडील म्हणतात, मात्र मामाला आणि आत्याला निराळे शब्द आहेत. त्याने छापील प्रश्नपत्रिका जगभर पाठविल्या. मद्रास इलाख्यातल्या मिशनऱ्यांकडून तमिळ आणि तेलुगू शब्द आले, तेव्हा ते त्याच वळणाचे पाहून तो थक्क झाला. अमेरिकेतले आदिवासी मूळचे आशियातले, याला हा पुरावा झाला असे त्याने ठरवून टाकले. हा तर्क पुढे टिकला नाही. पण १८७१ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि नात्यांचे शास्त्र जन्मास आले. चुकीच्या तर्काच्या पोटी खरे शास्त्र जन्मते, ते असे.

माझ्या वर्गातला वाद मात्र मॉर्गनपेक्षाही फार जुना निघाला. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतल्या बौधायन धर्मसूत्रात तो चक्क नोंदविलेला आहे. दक्षिणेकडचे लोक वादग्रस्त अशा पाच गोष्टी करतात, असे बौधायन सांगतो. त्यांत पत्नीबरोबर जेवणे आहे, शिळे अन्न खाणे आहे, आणि मामाची मुलगी व आत्याची मुलगी करणे आहे. लगेच उत्तरेकडच्यांच्याही पाच गोष्टी तो सांगतो. लोकर विकणे, मद्य पिणे, शस्त्रांचा धंदा करणे, समुद्रावर जाणे इत्यादी. ज्या देशात जी चाल, तिला तो देशच प्रमाण, असे एक मत तो देतो, आणि गौतमाला हे मान्य नाही हेही नमूद करतो. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टापुढे मोठाच पेच पडला. अर्जुनाने सुभद्रा केली, ती तर वसुदेवाची मुलगी, म्हणजे कुंतीच्या भावाची! मग सुभद्रा ही कृष्णाची सख्खी बहीण नव्हेच, असे कुमारिलाला बुद्धी लढवून सांगावे लागले. उलट, चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरील आपल्या भाष्यात दक्षिणेच्या या चालीची बाजू मांडली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सारा वाद मांडला आहे. ज्याची त्याची बाजू वाचली, की ध्यानात येते ते एवढेच, की शास्त्री आपापल्या आजोळचे शास्त्र सांगत होते.

हा वाद मिटविला कोणी? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि तोही मोठ्या चातुर्याने. भावाबहिणीच्या मुलांनी परस्परांशी लग्न करू नये, मामाने भाचीशी करू नये, असे कायदा म्हणतो. पण दोन्ही पक्षांची रूढी तसे लग्न मान्य करीत असेल तर करावे, अशी पुस्तीही जोडतो. बौधायनाने नोंदविलेला देशाचाराचा मुद्दा अडीच हजार वर्षांनी संसदेत असा पास झाला! जवळच्या नात्यातल्या लग्नात आनुवंशिक रोगांचा धोका वाढतो, असे डॉक्टर बजावतात, आणि ते खरेच आहे. पण आपल्या पूर्वजांनी ही चाल पाडली ती रक्ताचा विचार करून नव्हे. मग कशाचा विचार करून?

जमिनीचा. इतर समाजांकडे पाहिले, की हे अधिक स्पष्ट होते. केरळातल्या नायर घराण्यांत मिळकत आईकडून मुलीकडे जाई. घराला म्हणत 'तरवाड', आणि कारभार पाही तो 'कारणवर', म्हणजे आईचा भाऊ. नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत जाई. मुले वाढत ती मामाच्या हाताखाली. १९२५ साली त्रावणकोरात आणि १९३३ साली मद्रास इलाख्यात कायदे होऊन तरवाडांच्या वाटण्या सुरू झाल्या, आणि १९७६ मध्ये केरळात ही एकत्र कुटुंबपद्धती कायद्यानेच संपली. मेघालयातल्या खासी लोकांत घर आणि घरचे देवधर्म धाकट्या मुलीकडे, 'खद्दुह'कडे, जातात. अरब समाजांत चुलत भावाबहिणीचे लग्न पसंत करतात. इस्लामी कायद्याने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो, तेव्हा तो वाटा घराबाहेर जाऊ नये म्हणून ही रीत पडली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. मुलीला वाटा कसा आणि किती, यावर मुलगी कोणाला द्यायची हे पुष्कळदा ठरते.

आता आपल्या दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे वळू. तिला वाटा नव्हता. तिच्या वाट्याला होते माहेर. माहेर म्हणजे चार दिवसांचा विसावा, भाऊबीजेची चोळी, बाळंतपणाची खोली, आणि संकटात एक उघडे दार. पण हे दार उघडे ठेवणार कोण? आईबाप आहेत तोवर प्रश्न नाही. पुढे त्या घरात वहिनीचे राज्य येणार. तेव्हा नवी वहिनी उंबरठा ओलांडण्याच्या क्षणीच बहीण दार अडविते आणि सांगते, या घराची पुढली लेक माझ्या घरी येऊ दे, म्हणजे माझी वाट बुजणार नाही. फ्रेंच पंडित क्लोद लेव्ही-स्ट्रोस याने १९४९ साली असा सिद्धांत मांडला, की लग्न म्हणजे पुरुषांच्या दोन गटांनी केलेली स्त्रियांची देवघेव. एवढ्या मोठ्या पंडिताशी मी वाद काय घालणार? पण आमच्याकडच्या दारात उभा राहून हिशेब मागणारा पुरुष नव्हता, बहीण होती, एवढे मी पाहिले आहे.

आणि आता माझी गोष्ट. माझ्या वडिलांच्या लग्नात आत्याने असेच दार अडविले होते. आप्पा हसून "दिली" म्हणाले होते. मी झाले, तेव्हा बारशाला आत्यानेच माझ्या कानात नाव सांगितले आणि बायकांचे धपाटे पाठीवर घेतले. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आमच्याकडे नाव ठेवणारीचाच पुढे सून म्हणून हक्क. तिचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याच घरी राहिला. आम्ही एका ताटात जेवलो, एका कंदिलाखाली अभ्यास केला. १९९१ साली आजोबा वारले. १९५६ च्या वारसा कायद्याने आजोबांच्या हिश्शात आत्याचाही थोडा का होईना वाटा निघत होता. आप्पांनी हक्कसोडपत्र तयार केले. आत्या एस.टी.ने आली, सही केली, पुरणपोळी जेवली आणि परत गेली. "भावापेक्षा जमीन मोठी का?" असे ती म्हणाल्याचे मला आठवते. तेव्हा सगळ्यांनी तिचे कौतुक केले.

१९९८ मध्ये तिने रीतसर मागणी घातली. मी नाही म्हटले. ज्याच्या पाठीवर बसून मी विहिरीत पोहायला शिकले, त्याच्याशी लग्न करण्याची कल्पनाच मला सहन होईना. माझ्या वर्गातल्या त्या उत्तरेकडच्या मुलीसारखीच मीही दचकले होते. आप्पांनी माझी बाजू घेतली, याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. पुढे माझे लग्न नात्याबाहेर झाले आणि चांगले झाले.

पण त्या साली भाऊबीजेला आप्पा आत्याकडे गेले, तेव्हा तिने पाट मांडला, जेवू घातले, आणि निरांजन मात्र लावले नाही. आप्पा ताटावरून उठले तेव्हा एवढेच म्हणाली, "दार अडवलं होतं तेव्हा हसून हो म्हणालास, बाबा." पुढची तीन वर्षे तिने भावाला ओवाळले नाही. आम्ही सारे तिला हट्टी म्हणत राहिलो. मीही म्हणत होते. इरावतीबाईंचे पुस्तक मिटले त्या रात्री मला प्रथमच हिशेब दिसला. आम्ही तिच्याकडून जमीन सोडवून घेतली ती जुन्या नात्याच्या नावाने, आणि मुलगी नाकारली ती नव्या विचाराच्या नावाने. जुने ते आमच्या सोयीचे, आणि नवे तेही आमच्याच सोयीचे. ती दोन्ही हातांनी रिकामी राहिली.

मी नाही म्हटले, याचा मला पश्चात्ताप नाही. मुलगी म्हणजे परतफेड नव्हे. ज्या चालीत पाळण्यातल्या जिवाचे लग्न ठरते, ती गेली हे उत्तमच झाले. पण चाल गेली, तेव्हा तिच्या जागी जे यायला हवे होते ते आम्ही येऊ दिले नाही. कायद्याने ते दिले होते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभरच्या सगळ्या मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलची उरलीसुरली शंका दूर केली. योगायोग असा, की इरावतीबाईंना जाऊन त्या दिवशी बरोबर ५० वर्षे झाली होती. पण कायद्यापाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागदही घरोघर आला, आणि तो बहुधा भाऊबीजेच्याच सुमारास पुढे येतो.

आप्पा २०१६ मध्ये गेले. काही दिवसांनी माझ्याही पुढे तो कागद आला. दादा वाईट नाही. "सगळ्याजणी करतात गं," एवढेच तो म्हणाला. मी सही केली नाही. माझे नाव सातबाऱ्यावर लागले, आणि दोन भाऊबिजा दादा आला नाही. ते दोन दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. लिहिणे हा माझा छंद असूनही लिहीत नाही. तिसऱ्या वर्षी तो आला. आपणहून आला, आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ओवाळणार आहेस ना?" मी निरांजन लावले. आता माझ्या वाट्याच्या ज्वारीचे जे काही येते ते आत्याकडे जाते. पोहोचवितो तोही दादाच.

गेल्या दिवाळीत आत्याला भेटायला गेले, तेव्हा सातबाऱ्याचा उतारा बरोबर नेला होता. तिने ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. तिने तो कागद खिडकीच्या उजेडात धरला, "कुठे आहे?" म्हणून विचारले, आणि मी दाखविलेल्या ओळीवरून बोट फिरविले. बराच वेळ फिरविले. मग म्हणाली, "हे नाव मीच ठेवलंय, पोरी."